जिल्हा परिषदेच्या तिसरीत स्पॅनिश : लेकरांचं शिक्षण की मास्तरची हौस?

गोदाकाठचा मास्तर

अंबड तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथी माझ्याकडं, मिळून 31 लेकरं. आनंददायी शनिवारातला, म्हणजे दप्तराविना उपक्रमांच्या शनिवारातला, एक तास मी स्पॅनिशला देतो. यंदा दुसरं वर्ष. वरिष्ठांना कल्पना दिली होती. ते हो म्हणाले नाहीत, नाहीपण म्हणाले नाहीत. मागच्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक पालक उठून म्हणाले, "सर, लेकराला जोडाक्षर येईना आन् तुम्ही त्याला कुठल्या मुलखाची बोली शिकवायलेत?" मी काहीतरी बोललो, पण माझंच बोलणं मला पटलं नाही. म्हणून इथं मांडतो. शिव्या घातल्या तरी चालतील, कारणासह घाला.

मी काही पंडित नाही. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर सुरुवात केली, पुढं एक ऑनलाइन वर्ग केला, एवढंच. नाद लागला तो एका वाक्यानं. 'मे गुस्ता एल मांगो', मला आंबा आवडतो. आंबे जास्त झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याच्या मागं जातं, माझ्या नाही. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा नेमका इथं अडकतो, कारण त्याच्या डोक्यात 'आय लाइक' बसलेलं असतं. मी ज्या पुस्तकातून शिकलो त्यात यावर अख्खं प्रकरण होतं. माझ्या लेकरांना पाच मिनिटं लागली. घरी ती असंच बोलतात. फळ्यावर तिन्ही भाषा शेजारी-शेजारी लिहिल्या तर चौथीतली एक पोरगी म्हणाली, "सर, इंग्रजीच उलटी हाय."

मग माझ्या लक्षात आलं की स्पॅनिश थेट मराठीतून शिकवली तर अर्धी वाट आधीच चाललेली असते. त आणि द आपल्यासारखे दातांवरचे. तू वेगळा, आदराचा 'उस्तेद' वेगळा. बुएनो-बुएना म्हणजे चांगला-चांगली. लिंगं मात्र दोनच. 'लेकरू' कुठं बसवायचं यावर वर्गात दहा मिनिटं भांडण झालं. शिवाय आपल्याकडं मुलगा, घोडा असे आकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी, तिकडं 'आ' बहुधा बाईचा : नीन्यो मुलगा, नीन्या मुलगी. त्यातही हात म्हणजे 'ला मानो', शेवटी ओ असून स्त्रीलिंगी! या नादात पोरांनी मराठी नामांचे तीन ढीग केले. व्याकरणाच्या तासाला हेच करा म्हटलं की जांभया देतात.

संस्कृती म्हणाल तर मी गिटार आणि टोप्या दाखवत नाही. मेक्सिकोच्या झेंड्यावर निवडुंगावर बसलेला गरुड आहे. निवडुंगाचं चित्र शोधावं लागलं नाही, खिडकीतून बांधाकडं बोट केलं. मिरची, मका, भुईमूग, टमाटा, बांधावरचं घायपात, सगळी त्याच खंडातली मंडळी. बीडच्या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या झाडाचं माहेर तिकडचंच. हे ऐकून एक पोरगं रुसलं होतं.

आपल्याच जिल्ह्याशेजारच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी शिकतात अशा बातम्या 2020 मध्ये आल्या होत्या. त्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग आमच्या शनिवारात काय वावगं आहे?

परभणीचे निवृत्त गुरुजी

मास्तर, लिहिता छान. पण 34 वर्षं खडू झिजवलाय, म्हणून स्पष्ट बोलतो.

आधी हिशोब. वर्षाला शनिवार धरा 30, तास 40 मिनिटांचा. झाले 20 तास. कुठल्याही भाषेची पहिली पायरी चढायला साधारण 60 ते 100 तास लागतात. म्हणजे तुमची लेकरं पाचवीत जाताना त्यांना रंग, आकडे आणि आंब्याचं वाक्य येणार. पुढच्या शाळेत स्पॅनिश नाही. दिवाळीपर्यंत विसरली. मग काय मिळवलं?

दुसरं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पॅनिशचं नाव आहे, जपानी-कोरियनच्या जोडीला, पण ते माध्यमिक स्तरावर. प्राथमिकला जोर मातृभाषेवर आहे. 16 एप्रिल 2025 चा पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला तेव्हा 'लहान लेकरावर तिसरी भाषा लादू नका' म्हणून महाराष्ट्र उठला आणि 29 जूनला शासनाला माघार घ्यावी लागली. तुम्हीही तेव्हा विरोधातच असाल. मग ही परकी भाषा कशी गोड लागली?

आणि गाडीवाटचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. तिथं जपानी मुलांनी स्वतः निवडली होती, रोबोंच्या ओढीनं. तुमच्या 31 जणांना विचारलं होतं का?

एक घरचं सांगतो. माझे वडील निजामी राज्यात हायस्कूल उर्दूतून शिकले. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत, आणि घरी आईला पत्र लिहायचं तर मराठी अक्षर धड वळेना. 17 सप्टेंबर 1948 नंतर त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर मराठी लिहायचा सराव केला. दुसऱ्याची भाषा आधी आणि आपली नंतर, याची किंमत आमच्या घरानं मोजलेली आहे.

गोदाकाठचा मास्तर

गुरुजी, विचारलं नव्हतं. मला येत होती तीच शिकवली. हा मुद्दा मान्य.

हिंदीशी तुलना मात्र मान्य नाही. तिथं पाठ्यपुस्तक, परीक्षा, गुण, सक्ती सगळं होतं. इथं वहीसुद्धा नाही. ज्याला नको तो मागं बसून चित्र काढतो, दोघंजण काढतातच.

20 तासांत भाषा येणार नाही हे मलाही ठाऊक आहे. मला त्या 20 तासांत मराठीकडं बाहेरून बघणं शिकवायचंय. एका पोरीनं विचारलं, "मी बोलतो आणि मी बोलते, त्याला दोन शब्द कोणते?" तिकडं एकच, 'आब्लो', पोरगा असो की पोरगी. ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे फोनवर नुसतं वाचलं तर कळणारच नाही कोण हाय." आपल्या क्रियापदात बोलणारा पुरुष की बाई हे दडलेलं असतं, हे तिला याआधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

दख्खनी मिर्ची

गुरुजींच्या वडिलांबद्दल आदर आहेच. पण ती उर्दू वाया गेली असं समजू नका.

स्पेनचा बराच भाग 711 पासून शेकडो वर्षं मुस्लिम राजवटीत होता, शेवटचं ग्रॅनडा 1492 ला पडलं. त्यामुळं स्पॅनिशमध्ये अरबी शब्दांचा खच आहे. आणि आपल्या मराठवाडी बोलीत निजामामुळं फारसी-अरबीचा. कुठंतरी गाठ पडणारच. आपली साखर, संस्कृत शर्करा, फारसीत शकर, अरबीत सुक्कर, तिकडं जाऊन 'आसूकार'. नारिंग तिकडं 'नारांखा'. लिंबू 'लिमोन'. कमीज 'कामिसा', ती मूळ लॅटिनची, अरबांकडून आपल्याकडं आली. कापसाला अरबीत कुत्न म्हणतात, त्याला 'अल' चिकटलं आणि झालं 'आल्गोदोन'. अंबडच्या लेकरांना कपाशी सोडून दुसरं काय दाखवणार?

सगळ्यात आवडता शब्द 'ओखाला'. 'असं होवो' या अर्थाचा. त्याच्या पोटात अल्ला बसलाय, आपल्या इन्शाअल्लाचा नातेवाईक. चर्चमधली म्हातारीसुद्धा बिनदिक्कत म्हणते.

तुमच्या जालन्याला मात्र स्पॅनिश माणूस 'खाल्ना' वाचणार, त्यांचा 'जे' घशातून येतो. लेकरांना सांगा, दिवसभर हसतील.

लातूरचा, सध्या हडपसर

लातूर पॅटर्नमधून बाहेर पडलेला आणि स्पॅनिशवर पोट भरणारा मी इथं एकटाच दिसतोय. पाच वर्षं मेक्सिकोच्या ग्राहकांची बिलं बघतोय.

कोणी 'रोजगार' हा शब्द काढायच्या आधीच सांगतो : आठ वर्षांच्या पोराला नोकरीचं गाजर दाखवू नका. मी वयाच्या 22 व्या वर्षी सुरू केली, दोन वर्षांत कामापुरती आली. मोठ्या माणसाला व्याकरण लवकर कळतं. लहानपणी फायदा होतो तो उच्चाराचा, तोही रोज कानावर पडली तर. माझा कडक 'र्र' अजून नीट लागत नाही. पण त्यावाचून पगार अडला नाही.

बाकी मास्तरांचा आंबा मला आवडला. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी तो इंग्रजीतून शिकवला आणि मराठी पोरांची वरात निघाली. 'मला आवडतं' असं साधं कुणी म्हटलं असतं तर!

तिसरीची आई

माझी लेक दुसऱ्याच शाळेत आहे, खाजगी, इंग्रजी माध्यम. तिथंही 'स्पॅनिश क्लब' आहे. फी वेगळी. वर्षाअखेरीला मुलांना रंगीत झगे घालून नाचवलं, पालकांनी व्हिडिओ काढले. तिला विचारलं हा देश कुठं आहे, तर म्हणाली, टॅकोचा. त्यापेक्षा तुमचं निवडुंग बरं.

पण एक तक्रार तुमच्यासारख्याच एका शिक्षकामुळं. त्यांनी सांगितलं की स्पेनमधली मुलं पडलेला दात उशीखाली ठेवतात आणि रातोन पेरेस नावाचा उंदीर तो नेऊन भेट ठेवतो. आमच्याकडं दात शेणाच्या गोळीत घालून माळवदावर फेकायची रीत. आता पोरगी दात उशीखाली ठेवते आणि सकाळी उंदराकडून वीस रुपये मागते. सासूबाई म्हणतात, आपला उंदीर फुकट होता.

वेरूळवाट

लेण्यांवर पर्यटकांसोबत काम करतो. मी विरोधात.

वेरूळच्या दारात दगडी हत्ती आणि माळा विकणारी पोरं बघा. चार-पाच भाषांत भाव सांगतात. स्पॅनिशमध्ये 'बारातो, बारातो' म्हणजे स्वस्त, स्वस्त. उच्चार असा की पाहुणा वळून बघतो. त्यातल्या कित्येकांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही. तेव्हा परकी भाषा तोंडात आली याचं मला फार अप्रूप वाटत नाही. 16 व्या लेण्यासमोर उभं राहून ते वरून खाली कसं कोरलं हे त्या पोराला मराठीत सांगता येत नाही, हे मला जास्त लागतं.

अजून एक. मिरची-टमाटा सांगता तर पुढचंही सांगा. 'तोमाते', 'चिले', 'चोकोलाते' हे शब्द जन्मानं स्पॅनिश नाहीत. ते मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतले. 1521 मध्ये स्पॅनिश लोकांनी त्यांची राजधानी पाडली. ती भाषा आजही काही लाख लोक बोलतात, पण दरबार आणि शाळा स्पॅनिशची झाली. 20 देशांची राजभाषा अशी मिरवते ती काय गोडीगुलाबीनं पसरली नाही. गुरुजींच्या वडिलांची गोष्ट तिकडं खंडभर घडली.

गोदाकाठचा मास्तर

हे मी सांगितलं नव्हतं. तिसरीला कितपत सांगावं याचा विचार करतो, पण चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतोच. राज्य कोणाचं आणि भाषा कोणाची हे त्यांना कळेल. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला तो याचसाठी. धन्यवाद.

परभणीचे निवृत्त गुरुजी

राज्यव्यवहारकोशाचं नाव घेतलंत म्हणून विचारतो. चाचणीत एका पोरानं मराठीच्या पेपरात 'तुझे गाव कोणते' याच्या आधी उलटं प्रश्नचिन्ह काढलं अशी कथा आमच्या ओळखीतून कानावर आली. ते पोरगं तुमचंच का? मार्क कापले का?

गोदाकाठचा मास्तर

माझंच. कापले नाहीत. खाली लाल पेननं 'इकडं शेवटी एकच पुरे' लिहिलं. स्पॅनिश अकादमीनं 1754 मध्ये ते चिन्ह सुचवलं, कारण लांब वाक्यात प्रश्न आहे हे शेवटी पोचेपर्यंत कळत नाही. पोराचं म्हणणं असं की आपलाही 'का' शेवटीच येतो, मग आपल्याला ते का नको? मला उत्तर सुचलं नाही.

कोयत्याचं पोर

सगळं वाचलं. कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. अंबडकडून दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. 31 पैकी दिवाळीनंतर वर्गात किती राहतात?

गोदाकाठचा मास्तर

19. कधी 20. बाकीची आईबापासोबत कारखान्याला जातात, मार्च-एप्रिलला येतात. मागच्या वर्षी एक पोरगा परत आला तर उनो, दोस, त्रेस असे आकडे त्याला आठवत होते. म्हणाला, फडात मोळ्या मोजायचो. मला बरं वाटलं होतं.

कोयत्याचं पोर

तुम्हाला बरं वाटलं, मला नाही वाटलं. आठ वर्षांचं लेकरू मोळ्या मोजत होतं, कोणत्या भाषेत मोजत होतं हा नंतरचा प्रश्न. मीही मोजल्यात. चौथीचे पाच महिने फडात गेले, भागाकार अजून कच्चा आहे. तुमचं स्पॅनिश बंद करा असं म्हणत नाही. पण तुम्ही म्हणता लेकरं पाच मिनिटांत शिकली, तर ती 31 आहेत की 19?

गोदाकाठचा मास्तर

आंब्याचं वाक्य जुलैत घेतलं होतं, तेव्हा 31. पण तुमचा प्रश्न तो नाही हे कळतं. आईबाप तोडीला गेले तरी लेकरं गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव मी मागच्या वर्षी ऑक्टोबरात दिला. मंजुरीच्या आधी टोळ्या गेल्या.

कोयत्याचं पोर

ऑक्टोबरात देऊन उपयोग नाही. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, त्याच्या कितीतरी आधी घेतलेली असते, आईबाप मुकादमाला बांधलेले असतात. पोळा झाला की याद्या करा, आजी-आजोबा घरी कोणाचे आहेत ते बघा, सप्टेंबरात कागद द्या. समितीच्या बैठकीत जो पालक उठून बोलला ना, त्याला सोबत घ्या. तो बोलतो, म्हणजे कामाचा आहे. आणि त्या मोळ्यावाल्या पोराची टोळी यंदा कोणत्या कारखान्याला जायलीय तेवढं विचारून सांगा. माझे मामा तिकडंच असतात, तोडणीवाल्यांच्या लेकरांसाठीची साखरशाळा चालू आहे का बघायला लावतो.