डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) मराठीत चालवतेय, सहा सेशननंतर कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एक गोष्ट) अडकलंय. सोडू की सांभाळू?

रातराणी_डी२०:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कॉलेजच्या एका मित्राने "एक जण कमी पडतोय, ये ना" म्हणून डिस्कॉर्डवर बोलावलं आणि मी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला लागले. तोवर मला वाटायचं की पटावर सोंगट्या हलवायचा खेळ असेल. पहिल्याच रात्री डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा) विचारलं, "दाराआड कोणीतरी रडतंय, तू काय करतेस?" आणि मी जे सांगेन ते तिथे खरंच घडणार आहे हे लक्षात आल्यावर अंगावर काटा आला. पुढे दोन वर्षं मी एक हाफलिंग रोग (बुटक्या जमातीतली, चोरट्या कामांत तरबेज अशी मुलगी) खेळले, तिचं घर, तिची हरवलेली बहीण, सगळं मला अजून आठवतं. मग डीएम शिकायला बाहेर गेला, वेळा जुळेनात, आणि ग्रुप सुटला.

मागच्या वर्षी ठरवलं की आता आपणच चालवायचं. मावसभाऊ, त्याची बायको, ऑफिसमधल्या दोघी मैत्रिणी आणि आमच्या बिल्डिंगमधला बारावी झालेला एक मुलगा, असे पाच जण, कोथरूडला आमच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी ३ ते ६. आधी २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर केलं. वाटेत मेलेले घोडे, झाडीतून गॉब्लिन, पहिल्याच मारामारीत आमचे दोन जण शून्यावर गेले, म्हणजे हिट पॉइंट्स संपून कोसळले, मुलगा डेथ सेव्ह (जगणार की मरणार ते ठरवणारा फासा) टाकताना हॉलमध्ये कोणी श्वास घेत नव्हतं. ते कॅम्पेन मस्त झालं.

मग हिंमत करून स्वतःचं लिहिलं. घाटाखालचं एक गाव, जत्रेच्या आदल्या रात्री देवळातली घंटा चोरीला जाते, घंटा नसेल तर डोंगरातली एक जुनी गोष्ट जागी होणार असते. २२ पानं लिहिली, सीन बाय सीन. पहिली पाच सेशन ठीक गेली. सहाव्यात देवळामागे बैलगाडीची चाकोरी आणि त्यात सांडलेलं तेल असा पुरावा होता, मैत्रिणीने इन्व्हेस्टिगेशनसाठी (शोधाशोधीचं कौशल्य) वीस बाजूंचा फासा टाकला, त्यात तिचे +३ मिळवून लागणार होते १५, आले ९. संपलं. पुढचा दीड तास ते गावातल्या प्रत्येकाला तेच तेच प्रश्न विचारत राहिले, मला सुचेना काय करू, शेवटी मावसभाऊ म्हणाला चला दुसऱ्या गावाला जाऊ. माझी १४ पानं तिथेच राहिली. त्यानंतरच्या दोन रविवारी दोघांना जमलं नाही म्हणून कॅन्सल.

प्रश्न असे की असा पुरावा हुकला की डीएमने काय करायचं? आणि दुसरं, आम्ही सगळे बोलतो मराठीत पण मी सीन सांगायला लागले की आपोआप इंग्रजीत जाते आणि मग सगळे पुस्तकातल्यासारखे बोलायला लागतात, हे तुमच्याकडेपण होतं का? हे कॅम्पेन मला खूप जवळचं आहे, मरू द्यायचं नाहीये.

---

वीसबाजू:

ताई, पहिल्या प्रश्नाचं आधी आकड्यात सांगतो. +३ घेऊन १५ गाठायचे म्हणजे फाशावर १२ किंवा वर यायला हवं, म्हणजे २० पैकी ९ बाजू, ४५ टक्के. याचा अर्थ तुमचं अख्खं कॅम्पेन अशा एका फाशावर उभं होतं जो हुकण्याचीच शक्यता जास्त होती. मैत्रिणीचं काही चुकलं नाही आणि तुम्हाला सुचलं नाही यातही नवल नाही, त्या क्षणी सुचण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं.

या खेळांवर लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरचा तीन क्लूंचा नियम शोधून वाचा. प्लेअर्सनी जे कळायलाच हवं त्याच्याकडे नेणारे किमान तीन पुरावे ठेवायचे. प्रत्येकी ४५ टक्केच धरले तरी तिन्ही हुकायची शक्यता साधारण १७ टक्क्यांवर येते. तेल सांडलंय, तर गावातल्या तेल्याकडे एक बुधला कमी आहे, पुजाऱ्याच्या पोराने रात्री बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकलाय, आणि वेशीवरच्या कुत्र्याला त्या रात्री कोणीतरी भाकरी टाकलीय. तिन्ही वाटा त्याच गाडीकडे.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जो पुरावा मिळालाच पाहिजे त्यावर फासाच टाकायला लावू नका. रॉबिन लॉजच्या गमशू सिस्टीमचा (तपासाच्या खेळांसाठीची नियमावली) पायाच हा आहे, योग्य ठिकाणी योग्य कौशल्याने शोधलं की मुख्य पुरावा मिळतोच. फासा टाका तो पुढच्यासाठी, म्हणजे तेल दिसलंच, पण चांगले आकडे आले तर हे तेल देवळातल्या समईचं आहे हेही कळतं, वाईट आले तर बघता बघता कोणीतरी तुम्हाला बघितलं.

फँडेल्व्हर तुमच्याकडे नीट चाललं त्याचं कारणही हेच बघा, क्रॅगमॉ किल्ल्याचा पत्ता त्या गोष्टीत एकाच माणसाकडे नाहीये, वेगवेगळ्या ठिकाणांहून कळू शकतो. प्लेअरला ते जाणवत नाही, म्हणून मग आपण स्वतः लिहायला बसतो तेव्हा एकच धागा लिहितो.

---

मीठभाकर:

वरच्याला +१, पण मला दोन रविवार कॅन्सल झाले ही गोष्ट जास्त गंभीर वाटतेय. कॅम्पेन मरतात ती कॅलेंडरवर, गोष्टीत नाही. पाचपैकी तीन आले तर खेळायचं हे आत्ताच ठरवा, सगळ्यांना विचारून ठरवा, आणि शक्य तेव्हा सेशन अशा जागी संपवा की पुढच्या वेळी जो नसेल तो गावात थांबला असं म्हणता येईल. आमचा ठाण्याचा ग्रुप चार वर्षं याच एका नियमावर टिकलाय, मध्ये एकीचं बाळंतपण, एकाची नाइट शिफ्ट सगळं झालं.

अजून एक, सेशन झीरो केलं होतं का? म्हणजे खेळ सुरू करायच्या आधी नुसतं बसून बोलायचं, कोणाला मारामारी हवी, कोणाला गप्पा, कोणाला कुठला विषय नको. तुमचा मावसभाऊ दुसऱ्या गावाला जाऊ म्हणाला म्हणजे त्याला कदाचित तपास नकोच असेल, फिरायचं असेल. विचारा त्याला. चहाला बोलवा आणि सरळ विचारा.

---

कुडाळकर_बाहेर:

मी सिंधुदुर्गातला, आता कामानिमित्त बंगळूरला. २२ पानं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे जत्रेत दहीकाला होतो, म्हणजे दशावतार. लहानपणी मी रात्ररात्र रंगपटाच्या कडेला बसून बघायचो. नाटकाचे संवाद लिहिलेले नसतात. कोणतं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण राजा, कोण राक्षस, कोण नारद ते ठरतं, कथा साधारण कुठून कुठे जाणार ते सगळ्यांना माहीत असतं, आणि मग मंचावर उभं राहून दोघं समोरासमोर बोलायला लागतात ते सगळं तिथल्या तिथे. समोरचा काय म्हणेल ते आधी माहीत नसतं, पण आपण कोण आहोत आणि आपल्याला काय हवंय ते पक्कं माहीत असतं, म्हणून राजा कधी गप्प उभा राहत नाही.

डीएमिंग सुरू केलं तेव्हा मीपण पानंच्या पानं लिहायचो. एकदा सेशनच्या आदल्या दिवशी लॅपटॉप बंद पडला आणि नोट्सशिवाय बसावं लागलं तेव्हा ही रंगपटातली गोष्ट आठवली. एका वहीच्या पानावर पाच माणसं लिहिली, प्रत्येकासमोर दोन ओळी, याला काय हवंय आणि ते मिळालं नाही तर हा काय करेल. बस. ते आमचं तोवरचं सगळ्यात चांगलं सेशन झालं, कारण प्लेअर्सनी काहीही केलं तरी माझी माणसं गप्प बसत नव्हती.

तुमच्या गोष्टीत घंटा कोणी चोरली? त्याला ती कशाला हवीय? आणि प्लेअर्स दुसऱ्या गावाला गेले त्या तीन दिवसांत तो काय करतोय? तो थांबणार नाही ना. त्यांना जाऊ द्या दुसऱ्या गावाला, तिथे पहाटे लांबून घंटेचा आवाज ऐकू येऊ दे, चुकीच्या दिशेने. तुमची १४ पानं वाया गेलेली नाहीत, त्यातली माणसं जिवंत आहेत, फक्त सीनचा क्रम फाडून टाका.

---

रातराणी_डी२०:

कुडाळकर, घंटेचा आवाज चुकीच्या दिशेने... हे वाचून मी वही काढली. चोर पुजाऱ्याचा धाकटा भाऊ आहे, त्याची बायको डोंगरात हरवलीय आणि त्याला वाटतं घंटा नसेल तर ती परत येईल. हे मी लिहिलं होतं पण पान १९ वर, म्हणजे त्यांना ते कधी कळलंच नसतं.

मीठभाकर, सेशन झीरो नव्हतं केलं, सगळे घरचेच म्हणून गरज वाटली नाही. मावसभावाला आज फोन करते. भाषेचं कोणी सांगेल का?

---

शांत_पाऊस:

भाषेचं मी सांगते, नाशिकला मुलींच्या ग्रुपसाठी गेली तीन वर्षं मराठीतच चालवतेय.

सुरुवातीला माझंही तेच व्हायचं, कारण आपण हा खेळ इंग्रजीत शिकतो, पुस्तकातलं वर्णन इंग्रजीत, यूट्यूबवरचे डीएम इंग्रजीत. मी नियमांचे शब्द जसेच्या तसे ठेवले, अ‍ॅडव्हान्टेज, सेव्हिंग थ्रो, हिट पॉइंट्स, स्पेलची नावं, ते भाषांतर करत बसले तर खेळ थांबतो. बाकी सगळं मराठीत. पण खरा फरक पडला तो तू, तुम्ही आणि आपण मुळे.

इंग्रजीत राजाला आणि भिकाऱ्याला एकच यू. आपल्याकडे पहिल्या वाक्यात नातं ठरतं. आमच्या टेबलवर एकदा गावच्या पाटलाशी बोलताना आमची फायटर "तू कुठे होतास रात्री?" म्हणाली. मी फासा मागितलाच नाही. पाटील क्षणभर थांबला, गड्यांना बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि मग तोसुद्धा तिला तू म्हणायला लागला. सगळ्या पोरी एकदम सरळ बसल्या. हे इंग्रजीत करायला मला एक अख्खा पॅराग्राफ लागला असता. तेव्हापासून मी प्रत्येक एनपीसीसमोर (डीएम चालवते ती पात्रं) लिहून ठेवते की तो कोणाला काय म्हणतो, आणि कुठल्या क्षणी बदलतो. जो माणूस पहिल्यापासून सगळ्यांना आपण म्हणतोय तो जेव्हा अचानक तू वर येतो तेव्हा कोणाला इनसाइट चेक (समोरच्याच्या मनातलं ओळखायचा फासा) लागत नाही.

वर्णन करताना वाक्यं लहान ठेवा आणि वासापासून सुरुवात करा. ओल्या शेणाचा, कापराचा, भिजलेल्या घोंगडीचा. हे शब्द आपल्या तोंडात आधीपासून आहेत, ते इंग्रजीत शोधावे लागतात.

आणि कॅरेक्टर शीट मराठीत करून घ्यायचं असेल तर करा. एसआरडी ५.१ (खेळाच्या मूळ नियमांचा दस्तऐवज) जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये आहे, श्रेय दिलं की भाषांतर करून वाटतासुद्धा येतं. मी शीटवरच्या सहा गुणांचं ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असं केलंय. करिश्म्याला छाप हा शब्द आमच्यातल्याच एका नववीतल्या मुलीने सुचवला.

---

चोरदरवाजा:

छाप! उचलतोय हा शब्द.

मी फक्त नकाशाचं सांगतो. तो डोंगर काढताना इंग्रजी पुस्तकातलं डंजन कॉपी करू नका, राजगड घ्या. पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, मध्ये बालेकिल्ला, पाली दरवाजाची रुंद वाट, गुंजवण्याकडून चोरदरवाजाची दमवणारी वाट, संजीवनीला दुहेरी तटबंदी जिच्या मधल्या फटीतून माणूस चालत जातो. या खेळासाठी लिहिणाऱ्या जेनेल जॅक्वेज यांची १९७० च्या दशकातली डंजन्स ज्यासाठी नावाजली जातात ते हेच, आत जायला अनेक वाटा, एकमेकींना परत मिळणाऱ्या वाटा, म्हणजे कुठून शिरायचं हा निर्णय प्लेअर्सचा. मी माझ्या ग्रुपला नकाशा दाखवलाच नाही, फक्त "खाली टाकं आहे, पाणी गार आहे, वरून कोणीतरी खडा टाकला" असं सांगत गेलो. त्यातले तिघं तिथे ट्रेकला गेलेले, तरी त्यांना शेवटपर्यंत ओळखू आलं नाही. शेवटी सांगितल्यावर पुढच्याच शनिवारी सगळे गडावर गेलो आणि जिथे त्यांचा विझर्ड पडला होता तिथे बसून डबे खाल्ले.

---

रातराणी_डी२०:

अपडेट द्यायला आले. काल बसलो, चौघं होते, ठरल्याप्रमाणे खेळलो. मावसभावाशी फोनवर बोलले होते, तो म्हणाला मला तपास आवडत होता गं, पण आपण मूर्ख ठरतोय असं वाटायला लागलं म्हणून पळालो. हे ऐकून मला खूप वाईट वाटलं, कारण चूक माझ्या लिखाणात होती आणि वाटत त्याला होतं.

२२ पानं बाजूला ठेवली, वहीचं एक पान घेतलं. दुसऱ्या गावात धर्मशाळेत ते झोपलेत, पहाटे घंटा वाजली, डोंगराच्या बाजूने. कोणी फासा मागायच्या आत मुलगा उठून उभा राहिला, म्हणजे खराखुरा, हॉलमध्ये. वाटेत त्यांना पुजाऱ्याचा भाऊ भेटला, गाडी चिखलात रुतलेली, अंगाला समईच्या तेलाचा वास. तो सगळ्यांना आपण म्हणत होता. वहिनीने (मावसभावाची बायको), म्हणजे तिच्या क्लेरिकने (देवाची उपासक असलेलं पात्र), कोणाला काही न विचारता त्याला आपल्या शिदोरीतली भाकरी दिली आणि विचारलं, "भाऊ, कोणाला शोधताय?" माझ्या पानावर हे नव्हतं. तो रडला आणि त्याने बायकोचं नाव सांगितलं.

साडेसहा वाजून गेले तरी कोणी उठेना. आता ते पाच जण डोंगर चढतायत, त्यात एक तो, आणि घंटा त्यांच्याचकडे आहे पण परत न्यायची की नाही यावरून मावसभाऊ आणि मैत्रीण आज सकाळपासून ग्रुपवर भांडतायत. चोरदरवाजा, मला त्या दुहेरी तटबंदीबद्दल अजून लिहा ना, मधली फट किती रुंद असेल, दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतील का? रविवारच्या आत हवंय.