शंखी गोगलगायींसाठी निंबोळी अर्क आणि मेटाल्डिहाईड (गोगलगायी मारायचं विषारी आमिष) एकत्र चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मांजरी गावात २० गुंठ्यात पालक-मेथी आणि बांधाला पपई आहे, पाऊस सुरू झाल्यापासून शंखी गोगलगायींनी (आफ्रिकन, मोठ्या) कोवळी रोपं रात्रीत साफ करायला सुरुवात केलीये. रोज संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं टाकतो, सकाळी हातमोजे घालून वेचतो आणि मिठाच्या पाण्यात बुडवतो, अंडीही उकरून काढली. बांधाला चुना टाकला पण तो भिजला की काही उपयोग नाही. मेटाल्डिहाईड २.५ टक्केच्या गोळ्या आणल्यात, एकरी २ किलोच्या हिशोबाने फक्त बांधालाच टाकणार, कारण भाजी विकायची आहे आणि घरी कुत्रा आहे, त्याला या गोळ्या फार घातक.

आता शंका अशी की आतल्या भाजीवर ५ टक्के निंबोळी अर्क मारला तर त्या वासाने गोगलगायी बांधाकडे वळून गोळ्या खातील, की कडू अर्क गोळ्यांवर उडाला तर गोळ्याच खाणार नाहीत? रिठ्याचं पाणीही सुचवलंय एकाने, पण शेजारी शेततळ्यात मासे आहेत म्हणून थांबलोय. कोणी निंबोळी अर्क आणि गोळ्या दोन्ही एकत्र वापरलंय का, आधी काय आणि मध्ये किती दिवस ठेवले?