फुकटच्या टोकनमागे पळायच्या आधी

भाऊ तुम्ही म्हणता की एखाद्या क्रिप्टो प्रोजेक्टसाठी ट्विट करा, त्याचे टोकन (डिजिटल कॉइन) घ्या, फुकटच तर आहे, यात जाते काय? वेळ जातो ना बा! मी धरमपेठेतल्या रूमवर बसून दोन महिने एका कॅम्पेनचे टास्क केले, टोकन आले बी, पण विकायला गेलो तर लिक्विडिटीच नाही, म्हणजे घेणारंच कोणी नाही, तर्री पोह्याचे पैसे नाही निघाले. आता मी पहिले एक्सप्लोररवर (ब्लॉकचेनचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) टोकनचं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे त्याचा प्रोग्राम, उघडून होल्डर, म्हणजे माल कोणाकडे किती आहे ते पाहतो, पाच-दहा वॉलेटातच (क्रिप्टोच्या खात्यातच) सगळा माल असन (एक्सचेंजचे, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बाजाराचे, अन् टोकन लॉक करून ठेवलेले पत्ते सोडून) तर तिथूनच राम राम. मग व्हेस्टिंग, म्हणजे कोणाचे टोकन कधी खुलतात ते, आपले सहा महिने लॉक अन् टीमचे पहिल्याच दिवशी खुले असले तर आपण नुसते पॅम्प्लेट वाटणारे पोट्टे झालो.

टोकन क्लेम करताना, म्हणजे आपल्या वॉलेटात घेताना, मेन वॉलेट जोडू नका, वेगळं रिकामं ठेवा, अनलिमिटेड अप्रूव्हल, म्हणजे आपले टोकन हवे तेवढे काढायची परवानगी मागितली की बंद करा. सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडायचे गुप्त शब्द मागणारा तर चोरच. अन् हो, २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३०% टॅक्स आहे, एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा बी होत नाही, हे मले रिटर्न भरताना कळलं.