जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरलं, डिस्क बदलू का?

घाटवाट
परवा ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो. रस्ता ओला, वळणावर म्हैस आडवी आली. पूर्ण जोराने ब्रेक दाबला तर पेडल तळपायाला धडधड उलटं ढकलायला लागलं, खालून कर्रर्र आवाज. काहीतरी तुटलं असं वाटून मी पाय उचलला. म्हैस बाजूला झाली म्हणून वाचलो. गाडी २०२१ ची. गॅरेजवाला म्हणतो डिस्क बदला. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन त्याच घाटातून जायचंय, मनात धाकधूक आहे.

पाना_पक्कड
थांबा, खर्च करू नका. रोजच्या साध्या ब्रेकला पेडल थरथरत असेल तर डिस्क वाकडी असू शकते. त्या एकाच वेळी थरथरलं असेल तर ते एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. चाक जाम व्हायला आलं की सेन्सरला कळतं, त्या चाकाचं ब्रेक ऑइलचं प्रेशर क्षणभर सोडलं जातं, लगेच पुन्हा दिलं जातं, एका सेकंदात कितीतरी वेळा. तेच धक्के पायाला लागतात, आवाज त्या व्हॉल्व्हचा आणि पंपाचा.

पाय उचललात, खरा धोका तिथे होता. पेडल दाबूनच धरायचं, पंप करायचं नाही, आणि स्टिअरिंग मोकळ्या जागेकडे वळवायचं. जाम झालेलं चाक सरळ घसरत जातं, फिरतं चाक वळतं.

रत्नांग्री
सरावाशिवाय पाय ऐकत नाही हो. मी लेकीला पावसात रिकाम्या मैदानात नेलं, मागे कोणी नाही बघून चाळीसच्या वेगाला "दाब!" म्हटलं. पहिल्यांदा तिनेही दचकून पाय काढला. चौथ्यांदा दाबून धरून वळली. आईंना नेण्याआधी हे कराच.

आणि सुट्या खडीवर एबीएसवाली गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबते. जाम चाकापुढे खडीचा ढीग साचून गाडी अडते, फिरत्या चाकापुढे तो साचत नाही. काम चालू असलेल्या रस्त्यावर अंतर वाढवा.

घाटवाट
साध्या ब्रेकला काहीच थरथरत नाही! एबीएसचा पिवळा दिवा चावी फिरवल्यावर लागतो, दोन-तीन सेकंदांत विझतो.

पाना_पक्कड
मग यंत्रणा ठीक दिसतेय. दिवा लागूनच राहिला तर साधे ब्रेक लागतील, पण एबीएस नसेल. आता टायर बघा. नक्षी झिजली असेल तर डिस्कचे पैसे तिथे घाला.

घाटवाट
मागचे दोन्ही गुळगुळीत झालेत. उद्याच बदलतो, मग मैदान.