मदत हवी आहे: टॉटनहॅमच्या २०२४-२५ हंगामाचा तक्ता जुळत नाही

सुटलेला_गोल: टॉटनहॅम या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या २०२४-२५ हंगामाचा एक्सेल तक्ता करतोय. खरे सामने ६०, माझे येतात ६२: विजय २५, बरोबऱ्या ११, पराभव २६, केलेले गोल १०२. गोलांचे आकडे दोनदा तपासले. शिवाय प्रतिस्पर्धीनिहाय पानावर मँचेस्टर युनायटेडसमोर एकच निकाल दिसतो. आणि देशातल्या लीगमध्ये १७वा आलेला हा संघ चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेत गेला, ते कोणत्या रकान्यात दाखवायचं?

डावी_बगल: चूक तुमच्या आकड्यांतच दिसते आहे. खरा हिशोब २६ विजय, ८ बरोबऱ्या, २६ पराभव, गोल १०५. तुमचे दोन सामने जास्त आहेत, पण बरोबऱ्या तीन जास्त आणि विजय एक कमी. म्हणजे दोन वेगळ्या चुका एकत्र आल्यात.

पहिली: युरोपा लीगमध्ये (युरोपातली दुसऱ्या दर्जाची क्लब स्पर्धा) तुम्ही बाद फेरीच्या प्लेऑफच्या दोन ओळी ठेवल्या असणार. ३६ संघांच्या साखळीत पहिले आठ थेट अंतिम १६ मध्ये जातात, प्लेऑफ खेळतात ते ९ ते २४. टॉटनहॅम चौथे होते, त्यामुळे त्या ओळी रिकाम्या राहिल्या. 'दोन्ही गोल समान तर बरोबरी' या सूत्राला रिकामे दोन रकानेही समानच वाटतात. दोन फुकटच्या बरोबऱ्या तिथून आल्या. ओळी काढा, किंवा सूत्रात आधी 'रकाना रिकामा नसेल तर' ही अट घाला.

दुसरी: एफए कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतला टॅमवर्थविरुद्धचा सामना. ९० मिनिटांना ०-०, जादा वेळेत ३-०. त्या हंगामापासून मुख्य फेऱ्यांतले फेरसामने बंद झाले, म्हणून निकाल त्याच दिवशी लागला. तुम्ही ९० मिनिटांचा आकडा भरलाय, तिथेच तीन गोल आणि एक विजय गेला. जादा वेळेतला विजय हा विजयच. नोंदीत बरोबरी धरतात ती पेनल्टी शूटआउटवर सुटलेल्या सामन्याची, आणि तसा सामना टॉटनहॅमच्या वाट्याला या हंगामात आला नाही.

कोपरा_किक: युनायटेडचं कारण एक्सेलचं वीलुकअप हे शोधसूत्र. ते पहिली जुळणारी ओळ उचलतं आणि थांबतं. युनायटेडशी चार सामने झाले: लीगमध्ये ३-० आणि १-०, लीग कपच्या उपांत्यपूर्व फेरीत ४-३, बिल्बाओत झालेल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात १-०. चारही टॉटनहॅमने जिंकले, आणि असा हंगाम एका ओळीत दडपला जाणं खरंच वाईट. नेदरलंड्सच्या एझेड क्लबचंही तेच: युरोपा लीगच्या साखळीत १-०, मग अंतिम १६ मध्ये ०-१ आणि ३-१. प्रत्येक सामन्याला स्वतंत्र क्रमांक द्या, स्पर्धा आणि फेरीचे रकाने वेगळे ठेवा, मोजणी काउंटइफ्स या अटींनुसार मोजणाऱ्या सूत्राने करा.

दोन लढतींची एकत्रित बेरीजही वेगळ्या रकान्यात हवी. बेरीज समान असेल तर परक्या मैदानावरचे गोल वरचढ धरण्याचा युरोपीय स्पर्धांतला नियम २०२१-२२ पासून नाही, त्यामुळे एझेडविरुद्ध ३-२ ही साधी बेरीज पुरते.

डावी_बगल: चॅम्पियन्स लीगसाठी 'पात्रतेचा मार्ग' असा रकाना करा. युरोपा लीगच्या विजेत्याला थेट जागा मिळते, देशातल्या क्रमांकाशी तिचा संबंध नाही. इंग्लंडला वाढीव पाचवी जागा मिळाली होती, ती न्यूकॅसलकडे गेली. टॉटनहॅम सहावा संघ. १५वं आलेलं युनायटेड मात्र अंतिम सामना हरून युरोपबाहेर राहिलं. ३८ गुणांवर थांबलेल्या टॉटनहॅमचंही हरले असते तर तेच झालं असतं. सगळा हंगाम २१ मे २०२५ च्या त्या एका रात्रीवर टांगलेला होता, म्हणून ही ओळ ठळक करा.

सुटलेला_गोल: दोन ओळी काढल्या, टॅमवर्थ ३-० केलं. ६०, २६-८-२६, १०५ गोल. मनापासून आभार! अंतिम सामना घरचा धरू की बाहेरचा?

कोपरा_किक: तटस्थ. घर २९, बाहेर ३०, तटस्थ १ आलं पाहिजे. घरचे ३० आले तर बिल्बाओचाच सामना तिकडे गेलाय.