एमआरआयमध्ये 'वेड' दिसतं म्हणे. आणि पार्किंगही मिळतं!

पाचपाखाडीकर
काल आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी जाहिरात ढकलली. 'मुलगा एकलकोंडा झालाय? अभ्यासात मागे पडतोय? एका एमआरआयमध्ये स्किझोफ्रेनियाचा धोका ओळखा. भावंडांना सवलत.' खाली काकांची टीप: 'घोडबंदरला आहे, पार्किंग मिळतं.' ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर अ‍ॅडमिनने मलाच काढलं असतं, म्हणून इथे ओकतो.

माझा धाकटा भाऊ १४ वर्षं गोळ्यांवर आहे. पहिल्यांदा बिनसलं तेव्हा आम्हीही एमआरआय काढला होता. उधारीवर. रिपोर्टमध्ये शेवटी 'दोष आढळला नाही'. बाबांनी घरी येऊन तो पाकिटासकट भावासमोर आपटला. 'बघ, डोक्यात काही नाही तुझ्या. आता नाटकं बंद.' गोळ्याही बंद. पुढच्या आठ महिन्यांत काय काय झालं ते लिहीत नाही. घरातल्या प्रत्येक प्लगवर त्याने चिकटपट्टी मारली होती, त्यातून कोणीतरी ऐकतंय म्हणून. रंग देऊन झाला तरी हॉलमधल्या एका बोर्डाभोवती तिचा चौकोन अजून दिसतो.

संशोधन खोटं आहे असं मी म्हणत नाही. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्कमध्ये ईव्ह जॉनस्टन आणि टिम क्रो यांनी १७ जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या निघाल्या. तिथपासून हे चालूच आहे. २०१६ च्या एनिग्मा ह्या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाच्या अभ्यासात २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी माणसं होती. सगळ्यात ठळक फरक कुठे? हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागात, आणि तो किती, तर ०.४६ प्रमाण विचलन. सोप्या भाषेत, एक रुग्ण आणि एक निरोगी अशा १०० जोड्या लावल्या तर साधारण ६३ जोड्यांत रुग्णाचा हिप्पोकॅम्पस लहान निघेल, ३७ जोड्यांत निरोगी माणसाचा. ह्या भांडवलावर तुम्ही अकरावीतल्या पोराला 'धोका' सांगणार? आजार मुळात शंभरात एकाला, त्याहूनही कमी. कोणाच्या पोराला फुकटचा शिक्का बसेल, आणि ज्याला खरंच त्रास आहे त्याला 'काही नाही तुला' ऐकावं लागेल. दुसरं आमच्याकडे होऊन गेलंय.

सीवूड्सची_मावशी
जाहिरात वाईट हे मान्य. पण स्कॅन निरुपयोगी, हे मान्य नाही. माझी मुलगी १९ वर्षांची असताना तिला आवाज ऐकू यायला लागले. सासूबाईंनी अंगारा, उतारा, दर गुरुवारी कल्याणच्या पुढे कुठेतरी एक बाई, सगळं केलं. पोरीला उपाशी ठेवायच्या. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पोकळ्या किंचित मोठ्या असल्याचं आलं. डॉक्टर मला म्हणाले, याला फारसा अर्थ नाही, अशा पोकळ्या धडधाकट माणसातही दिसतात. ते वाक्य मी घरी सांगितलंच नाही. फिल्म खिडकीच्या काचेला धरली आणि सासूबाईंना बोट लावून दाखवलं, हे बघा, इथे आहे. त्या दिवसापासून अंगारा बंद. खोटं बोलले म्हणा हवं तर. माझी पोरगी जेवायला लागली.

पाचपाखाडीकर
मावशी, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला असता तर? सासूबाईंनी काय केलं असतं ते आमच्या बाबांना विचारा.

सीवूड्सची_मावशी
तसा आला असता तर वेगळं काहीतरी केलं असतं. आई आहे मी. तुमच्यासारखी ६३ आणि ३७ मोजत बसले नसते.

गोळीमुक्त
दोघेही मूळ मुद्दा टाळताय. मेंदू आक्रसतो तो *गोळ्यांनी*. अमेरिकेत आयोवाच्या नॅन्सी आंद्रियासनच्या टीमचा २०११ चा अभ्यास, २११ रुग्ण, सरासरी सात वर्षं पुन्हा पुन्हा स्कॅन. जितका डोस जास्त तितका मेंदूचा आकार कमी. त्याआधी २००५ मध्ये माकडांना दीडदोन वर्षं हॅलोपेरिडॉल किंवा ओलान्झापिन, म्हणजे ह्याच आजाराची औषधं दिली, मेंदूचं वजन ८ ते ११ टक्क्यांनी कमी भरलं. माकडांना स्किझोफ्रेनिया नव्हता बरं का. मी स्वतः तीन वर्षं घेतल्या, १९ किलो वजन वाढलं, एक दिवस बंद केल्या. आज ठणठणीत.

टेस्ला_३
नवी मुंबईत एका सेंटरला एमआरआय टेक्निशियन आहे, नऊ वर्षं. दोन गोष्टी.

गोळीमुक्त, माकडांचं खरं आहे. पण त्याच आयोवाच्या पेपरमध्ये आकडेमोडीची कसरत केली होती कारण जास्त आजारी माणसालाच जास्त डोस मिळतो, मग दोष कोणाचा हे पूर्ण सुटं करता येत नाही. आणि एक गोळीही न घेतलेल्या रुग्णांतही फरक दिसलेला आहे, कमी पण दिसलाय. गोळ्या सोडायला निघालेल्याने माकडं मोजण्याआधी फिनलंडचं २००९ चं कामही वाचावं. गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा अजिबात न घेणारे रुग्ण जास्त मेले.

दुसरं, जे पेपरमध्ये शेवटच्या परिच्छेदात असतं आणि आमच्या टेबलावर रोज असतं. डोकं हललं की कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, पातळ दिसतो. डोळ्यांना धूसर वाटणारही नाही, इतकं जरासं हललं तरी सॉफ्टवेअर कमी मोजतं. आता ज्याला आधीच आवाज ऐकू येतायत त्याला खडखडणाऱ्या नळीत झोपवून 'हलू नका' सांगायचं. मागच्या महिन्यात एक मुलगा बाहेर आला आणि मला हळूच विचारतो, 'मशीन मला काय सांगत होतं, तुम्हाला कळलं का?' त्याचा स्कॅन अर्ध्याहून जास्त फुकट गेला होता. मशीन बदललं, दीड टेस्लाच्या (चुंबकाची ताकद) जागी तीन आलं, की आकडेही सरकतात. घोडबंदरच्या त्या सेंटरकडे 'नॉर्मल' कुणाचा आहे? त्यांनी हजार निरोगी ठाणेकर आधी झोपवलेत का?

तीन_हात_नाका
हजार निरोगी ठाणेकर मिळणार कुठून 😂 बरं, ठाण्यातल्या लोकांनी एवढी चर्चा कशाला करायची, आपल्याकडे मनोरुग्णालयाची सोय आहे की. १९०१ पासून.

पाचपाखाडीकर
झालं. हा जोक आला नाही असा एकही धागा नाही. माझा भाऊ शाळेत होता, तेव्हा काही झालेलंही नव्हतं, तेव्हापासून आम्ही नाशिकच्या मामांकडे गेलो की 'काय रे, सुटी दिली वाटतं तिथून?' ऐकतो. पुण्याच्या लोकांना येरवडा, आम्हाला ठाणे. मग तो खरंच त्या गेटातून आत गेला केसपेपर काढायला, तेव्हा दोन महिने कोणालाही सांगितलं नाही. नाशिकला तर अजूनही नाही.

तीन_हात_नाका
अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका, मी जन्मलो इथे, आम्हीही हेच ऐकत मोठे झालो.

वागळे_वाला
तोच दवाखाना, त्याच्याच जागेवर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवीन स्टेशन येतंय हे कुणाला खटकत नाही? गर्दी कमी होईल म्हणून सगळे पेढे वाटतायत. मनोरुग्णांची जागा म्हणजे रिकामी जागा, हा हिशोब कोणी केला?

तीन_हात_नाका
सकाळी ८.१२ ला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून दाखवा, मग हिशोब सांगा. स्टेशन झालंच पाहिजे. २० वर्षं ऐकतोय.

वागळे_वाला
स्टेशनला विरोध कोणी केला? जमीन घेतली त्याच्या बदल्यात वॉर्ड, ओपीडी, बाहेर बसलेल्या नातेवाइकांना निदान एक शेड मिळाली का, एवढंच विचारतोय. माझी आई तिथे झाडाखाली डबा खाऊन दिवस काढायची. झाड राहिलं की नाही तेही माहीत नाही.

टेस्ला_३
धागा स्कॅनवरून स्टेशनवर गेला. पुढचं स्टेशन मुलुंड.

गोळीमुक्त
फिनलंडबद्दल: गोळ्या न घेणारे मेले ते गोळ्या नाहीत म्हणून की मुळात कोणी विचारपूस करत नव्हतं म्हणून? हे सुटं करता येतं का, टेस्लासाहेब?

टेस्ला_३
पूर्ण नाही. अभिनंदन, एक मुद्दा तुमचा. पण क्लोझापिन ही गोळी घेणाऱ्यांचा मृत्युदर सगळ्यात कमी होता, आणि त्यात सारखी रक्ततपासणी करावी लागते, म्हणजे कोणीतरी दर वेळी त्यांचं तोंड बघत होतं. तुमच्याच बाजूचं आहे हे, घ्या. फक्त 'एक दिवस बंद केल्या' असं इथे लिहू नका. वाचणाऱ्यात कोणाचा तरी पोरगा असतो.

गोळीमुक्त
डॉक्टरांना सांगून, हळूहळू कमी केल्या होत्या. वर लिहायचं राहिलं. खूश?

पाचपाखाडीकर
हे 'राहिलं' म्हणजे कमाल आहे. मेंदूच्या वजनाचे टक्के आठवले, हे राहिलं.

सीवूड्सची_मावशी
मला एक सांगा कोणीतरी. डॉक्टर मग मुळात एमआरआय लिहून का देतात?

टेस्ला_३
दुसरं काही नाही ना हे बघायला. गाठ, मेंदूज्वर, जुना मार. पहिल्यांदाच, अचानक, किंवा वय जास्त असताना भास सुरू झाले, फिट आली, एका बाजूची ताकद गेली तर काढायलाच हवा. आजार आहे की नाही ते बोलून, बघून, घरच्यांना विचारून ठरतं. निदानाच्या कुठल्याही मान्य निकषांत स्कॅन नाही. तुमच्या बाबांना कोणी हे सांगितलं असतं ना पाचपाखाडीकर, की नॉर्मल म्हणजे 'गाठ नाही', 'नाटक' नव्हे, तर एक वाक्य पुरलं असतं.

पाचपाखाडीकर
सांगितलं असेलही. बाबा रिपोर्ट घ्यायला एकटे गेले होते.

मावशी, खिडकीच्या काचेचं तुमचं पटत नाही मला अजून. पण मी तिथे असतो तर फिल्म मीच धरली असती, हेही खरं.

सीवूड्सची_मावशी
एवढं पुरे. भाऊ कसा आहे आता?

पाचपाखाडीकर
वागळेला पॅकिंगचं काम करतो. गोळीने जड होतो म्हणून सकाळची शिफ्ट जमत नाही, दुपारची घेतो. आज डबा मी भरायचाय, दीडला निघेल तो. काकांच्या जाहिरातीखाली टेस्लाचं ते गाठवालं वाक्य चिकटवू का ग्रुपवर?

टेस्ला_३
चिकटवा. पार्किंगचं मात्र खरं आहे, आमच्याकडे तेही नाही.