किंडरडाइक आणि डॉर्ड्रेख्त एका दिवसात: बाबांच्या गुडघ्यांना झेपेल का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे रॉटरडॅमला आलेत. ट्युलिप हुकले, आता पवनचक्क्या तरी दाखव, असा आईचा हुकूम आहे. ऑफिसात जो तो झान्से स्खान्सला जा म्हणतो. मी पाहिलंय ते. छान आहे, पण तिथल्या बहुतेक चक्क्या दुसरीकडून आणून मांडलेल्या, आणि त्यांचं काम लाकूड कापायचं, तेल गाळायचं. बाबांची हयात पाटबंधारे खात्यात गेली. त्यांना पाणी उपसणारी चक्कीच बघायची आहे. किंडरडाइकच्या १९ चक्क्यांतल्या बऱ्याचशा १७३८-४० च्या, म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या काळातल्या, हे कळल्यापासून एकच प्रश्न: "एक चक्की पाणी किती उचलते रे?"

बेत असा: सकाळी इरॅस्मस पुलापासून वॉटरबसने किंडरडाइक, दुपारनंतर डॉर्ड्रेख्त, संध्याकाळी ट्रेनने घरी. बाबांचा एक गुडघा बदललेला आहे. चक्कीच्या आत चढता येईल का? की डॉर्ड्रेख्त सोडून द्यावं? डबा घरचाच, तेव्हा जेवणाची चिंता नाही.

प्रतिसाद १
डॉर्ड्रेख्त अजिबात सोडू नका. मी सासूबाईंना घेऊन हेच केलंय. किंडरडाइकचा रस्ता सपाट आहे, पण आतले जिने शिडीसारखे उभे. बाबांना खालचा मजला दाखवा आणि बाहेरून पाण्याचं चाक. एक चाक पाणी फार तर दीड मीटर उचलतं, म्हणून टप्प्याटप्प्याने चढवत नदीपर्यंत न्यायचं. आईंना १४२१ च्या पुरातल्या पाळण्याची दंतकथा सांगा: बाळासकट पाळणा वाहत आला, आणि तो कलंडू नये म्हणून मांजर या कडेवरून त्या कडेवर उड्या मारत होतं.

डॉर्ड्रेख्तला मोठ्या चर्चचा मनोरा खालूनच बघा. तो कललेलाय, ते खालूनच नीट दिसतं. मग ग्रोटहोफ्टला बाकावर बसा. तीन नद्यांचं ठिकाण म्हणतात, पण आपल्या माहुलीसारखा संगम नाही. मेरवेडे येते आणि तिथे फुटून दोन होतात. परतीच्या गाडीआधी तासभर हाताशी ठेवा.

धागाकर्ता
आभार! हे बाबांना वाचून दाखवलं. संगमाचं ऐकून म्हणाले, "मग चक्क्या राहू देत, आधी तिथे ने." आता बोट उलटीकडून कशी धरायची, तेवढं सांगा.